झबलं, परकर आणि खिशांचा कुर्ता

शिवणक्लासला गेलं की पहिल्यांदा झबलं-टोपडं शिकवतात. मग लंगोट, बाबासूट, फ्रॉक, परकर, आणि बाईमाणसाचं अंगात घालायचं काहीही त्यानंतर. नव्या पोरींना याचा फार कंटाळा येतो. क्लासला नाव घातलेलं असतं स्वतःचे ड्रेस शिवायला, आणि घरात बाळाचा पत्ता नसताना झबली शिवत बसायचं म्हणजे काय! मलाही हा क्रम जुन्या वळणाचा, उगाच चालत आलेला वाटायचा. यंदा घरात तिन्ही कामं पाठोपाठ आली, बाळाचं, लेकीचं आणि माझं, आणि माझं मत साफ बदललं. हा क्रम ज्यांनी लावला त्यांना शिवण कळत होती.

धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी, कोल्हापूरला आली होती. लेक सात वर्षांची, तिला खणाचं परकर-पोलकं हवं होतं. आणि मला हवे होते खिसे. तयार कुर्त्यांना एक तर खिसा नसतो, आणि असला तर त्यात रुमालसुद्धा नीट मावत नाही. ही तक्रार मी इतकी वर्षं करत आले की घरातले ऐकूनच घेईनात.

आईचं पायमशीन होतं. काळं, उषाचं, सोनेरी नक्षी निम्मी पुसलेली. कित्येक वर्षं त्यावर टेबलक्लॉथ घालून फोनचा चार्जर आणि औषधांची टोपली ठेवलेली असायची. मशीन उघडलं तर चाक फिरेना. तेल वाळून त्याचा डिंक झाला होता. दुरुस्तीवाल्या काकांनी आधी रॉकेलने सगळं मोकळं केलं, मग मशीनचं पातळ तेल घातलं, आणि रद्दीच्या कापडावर बिनदोऱ्याचं खूप वेळ चालवायला लावलं, म्हणजे जादा तेल त्या चिंधीत उतरतं, नव्या कापडावर डाग पडत नाहीत. चामड्याचा पट्टा सैल पडला होता. तो बदलावा लागत नाही. अर्धा-पाऊण इंच कापायचा, टोकाला नवं भोक पाडायचं आणि तारेची पिन पुन्हा अडकवायची. काकांनी जाताना बॉबिन केसची, म्हणजे खालचा दोरा धरणाऱ्या डबीची, परीक्षा दाखवली. केसमधून आलेला दोरा धरून ती हवेत लटकवायची. आपोआप घसरत खाली आली तर स्क्रू सैल, झटका दिला तरी हलत नसेल तर फार घट्ट. हलक्या झटक्याला इंच-दोन इंच खाली येऊन थांबली की बरोबर. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याची जाळी झाली की आपण बॉबिनला दोष देतो, पण बहुतेक वेळा वरचा दोरा टेन्शनच्या दोन चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो.

सुया मात्र नव्या आणल्या. मलमलीला ११ नंबर, साध्या सुती कापडाला १४, आणि जाड थर शिवायचे तर १६. जुन्या डबीतली बोथट झालेली सुई मलमलीचा धागा ओढते आणि शिलाईच्या बाजूने बारीक सुरकुत्या पडतात. सुई हा सगळ्यात स्वस्त सुटा भाग, आणि आपण तीच तुटेपर्यंत वापरतो.

कापडाची चिंता आमच्या भागात नसते. इचलकरंजी तासाभरावर. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग आणला, आणि आता गावात शिरलं की खटखट सुरू होते ती गाव संपेपर्यंत. पॉपलिन, केंब्रिक, धोतरं, सगळं तिथं विणलं जातं. कटपीस वजनावर मिळतात. मी पिशवी भरून आणली आणि टेबलावर मांडून कौतुक करत बसले, तेवढ्यात आई आली.

"हे बाळासाठी? आधी बाळ तर येऊ दे!"

आमच्याकडे बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही आणत नाहीत. मी वाद घातला, बहिणीनेही घातला. आई ऐकेना. पण तिचीच एक पळवाट होती: जुन्याचं शिवलं तर चालतं, ते काही नवं नव्हे. तिने कपाटातून आप्पांची, म्हणजे माझ्या आजोबांची दोन धोतरं आणि एक विरलेली मलमलची साडी काढली. त्या कापडाला हात लावल्यावर माझा विरोध संपला. शेकडो वेळा धुतलेलं सूत इतकं मऊ होतं की दुकानातली महागातली मलमल त्यापुढे कडक वाटावी. शिवाय ते आटायचं तेवढं आटलेलं असतं. नवं सुती कापड आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच बेतावं लागतं, नाहीतर पहिल्या धुण्यात मीटरमागे इंच-दोन इंच जातात, आणि बाळाच्या झबल्यात अर्धा इंच गेला तरी फार झाला.

जुन्या कापडाचा एकच धोका असतो, ते कुठेतरी झिजलेलं असतं. म्हणून धोतर खिडकीत उजेडासमोर धरून बघितलं. जिथे जास्त आरपार दिसलं, तिथे खडूने फुली. मग दोन्ही हातांनी उभं-आडवं ताणून बघायचं. जे टिकलं त्यातून झबली, उरलेल्यातून लंगोट आणि पुसायचे चौकोन.

आईची क्लासची वही निघाली. अशी वही आपल्याकडे बऱ्याच घरांत असेल. उजव्या पानावर माप आणि कृती, डाव्या पानावर खाकी कागदाचा इवलासा कापलेला नमुना डिंकाने चिकटवलेला. झबल्याच्या पानावर लिहिलं होतं: छाती १८, उंची ११, मुंढा (बाही जिथे जोडतात तो भाग) ४, गळारुंदी छातीचा १/१२. छाती अठरा? नुकत्याच जन्मलेल्या बाळाची छाती तेरा इंचांच्या आसपास असते. पण त्या पाच इंचांत सगळी गंमत आहे. बाळ हात वर करून झोपतं, पाय पोटाशी घेतं, आणि त्याला कपडा घालणारा माणूस घाबरलेला असतो. सैल झबल्यात आपली बोटं आतून जाऊन बाळाचा हात अलगद बाहेर ओढून घेतात. घट्ट झबल्यात ते जमत नाही.

दुसरी गोष्ट डोक्याची. जन्माच्या वेळी बाळाच्या डोक्याचा घेर छातीपेक्षा साधारण दोन सेंटिमीटर जास्त असतो. म्हणजे डोक्यावरून घालायचं झबलं करायचं तर गळा एवढा मोठा ठेवावा लागतो की ते खांद्यावरून उतरतं. आपल्या आज्यांनी हे कोडं समोरून पूर्ण उघडं झबलं करून सोडवलं. मी अंगरखा पद्धतीचं केलं: समोरचा एक भाग दुसऱ्यावर येतो आणि बंद कुशीला बांधायचे. बाळाला उघड्या झबल्यावर निजवायचं, हात घालायचे, बंद बांधायचे. मान उचलायला लागत नाही.

बाह्या वेगळ्या जोडल्या नाहीत, अंगाबरोबरच अखंड कापल्या. काखेत जिथे वळण येतं तिथे शिलाईपर्यंत न जाता दोन-तीन बारीक कात्र्या दिल्या की कापड ओढत नाही. टाका बारीक, इंचाला बारा.

आता शिलाईच्या दिशेबद्दल, कारण माझ्या मते झबल्याचा सगळा जीव यात आहे. फ्रेंच शिलाईत कापडाची कड आत बंद होते, दोरे सुटत नाहीत. नेहमीच्या पद्धतीत दोन तुकड्यांच्या उलट बाजू एकमेकींना लावून पहिली टीप मारायची, कड कापून बारीक करायची, कापड उलटवायचं आणि दुसरी टीप. त्याने बाहेरून साफ दिसतं आणि आत एक बारीक वरंबा उरतो. तो मोठ्या माणसाला जाणवतही नाही. पण बाळ दिवसभर पाठीवर निजतं आणि त्याची कातडी कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ असते. म्हणून पहिल्या महिन्याच्या झबल्यांना मी हे सगळं उलटं केलं. आधी सुलट बाजू एकमेकींना लावून टीप, मग उलटवून दुसरी. वरंबा बाहेर आला. दिसायला झबलं उलटं घातल्यासारखं दिसतं, आणि भेटायला आलेल्या प्रत्येक बाईने "अगं, उलटं घातलंय बघ" असं सांगितलंच. आम्ही मान डोलावली.

बहिणीच्या डॉक्टरांना आम्ही यादीच दाखवली होती. बऱ्याच गोष्टींवर त्यांनी काट मारली. मोहरीची उशी नको. आईला हे लागलं, कारण आम्हा दोघींची डोकी त्याच उशीने गोल झाली असा तिचा दावा आहे. पहिल्या वर्षात बाळाच्या झोपायच्या जागी उशी, सैल पांघरूण, मऊ खेळणी काही नको, बाळ पाठीवर निजवायचं. घरात झोपताना टोपडं नको, डोकं तापतं. गळ्यापाशी लांब बंद कुठेही नकोत. दुपट्यात गुंडाळताना हात लपेटले तरी चालेल, पण पाय सरळ करून घट्ट बांधायचे नाहीत. ते गुडघ्यात वाकून मोकळे पसरता आले पाहिजेत, नाहीतर खुब्याच्या सांध्याला त्रास होतो. मग मी दुपटं ३६ इंची चौकोन ठेवलं, जुन्या साडीचे दोन थर, कडेने धावदोरा. बंद सगळे सहा इंचांचे केले. टोपडी दोनच, बाहेर जाण्यापुरती.

लंगोटांवरून आई आणि बहिणीत वेगळीच बोलणी झाली. बहीण म्हणाली डायपर, आई म्हणाली पुरळ. शेवटी दिवसा लंगोट आणि रात्री डायपर असं ठरलं. लंगोट शिवण्यात काही नाही: २४ इंची चौकोन, कड दुमडून टीप, तिरकी घडी घालून त्रिकोण, दोन टोकांना बंद. मांजरपाटाचे करू नका, कितीही धुतलं तरी तो मांडीला घासतो.

वाकळ, म्हणजे जुन्या लुगड्यांची गोधडी, हे सगळ्यात निवांत काम. आजीचं इरकली नऊवारी होतं, काठ अजून शाबूत आणि मधलं अंग विरलेलं. आईला मोठी, जाडजूड वाकळ हवी होती. पण बाळ येणार होतं भर पावसाळ्यात. कोल्हापूरच्या जुलैत पाच थरांची वाकळ धुतली तर ती वाळेपर्यंत बाळ रांगायला लागेल. म्हणून तीनच थर आणि वितीएवढ्या अंतरावर कच्चे टाके. थर फरशीवर पसरायचे, मधून बाहेर हाताने सारखे करत जायचं, पहिले कच्चे टाके घालायचे, आणि मग कडेपासून सुरू करून चौकोनात फिरत फिरत आत. दुपारी आई एका कडेला, मी दुसऱ्या कडेला. आईचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, माझा गव्हाएवढा. ती काही बोलली नाही, पण माझी बाजू भिंतीकडे करून घडी घालते. ही वाकळ झोपायला नाही वापरली. मालिशला आणि दुपारी पालथं घालून खेळवायला जमिनीवर अंथरतात, तिथे आपण समोर बसलेले असतो.

बाळ आलं, मुलगी. आणि आईची बंदी उठली.

कुंची, म्हणजे पाठीवर रुळणारी बाळाची टोपी, आत्तापर्यंत बेतलीच नव्हती. बाराव्या दिवशी बारसं, म्हणजे वेळ थोडा. हिरव्या खणाची कुंची आणि मोतिया गोट असं बहिणीने आधीच मनात ठरवलेलं होतं. कुंचीची रचना दिसते तेवढी अवघड नाही. एक आयत, साधारण १३ बाय ६ इंच, तो डोक्यावरून हनुवटीच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत येतो. तो मधे दुमडून मागची कड शिवली की टोपी झाली. मग २४ इंच रुंद आणि दहा इंच लांब पट्टीला चुण्या घालून ती मानेच्या कडेला जोडायची, ती पाठीवर सुटते. अवघड आहे ते अस्तर. जरीचा काठ आतून अंगाला टोचतो, म्हणून आतून सगळीकडे धोतराची मलमल लावली, आणि शिवण दोन्ही कापडांच्या मधे बंद केली. चेहऱ्याच्या कडेला उरेब पट्टीचा गोट. पट्टी कापडावर ४५ अंशांच्या कोनात तिरकी कापली तरच ती वळणावर नीट बसते. सरळ कापलेल्या पट्टीचा गोट कपाळावर चुण्या पाडतो.

बाळाच्या आत्याने खऱ्या मोत्यांसारख्या मण्यांची माळ पाठवली होती, कुंचीच्या कडेने लावायला. मोठ्या हौसेने पाठवलेली. पण मणी निसटला तर तो जायचा बाळाच्या तोंडात. त्यांना फोन केला. "वन्सं, माळ पाळण्याच्या दोरीला लावू का? फोटोत तिथे जास्त दिसेल," असं बहीणच म्हणाली. त्या हसल्या, त्यांना कळलं असणार. बारशाला त्यांनीच बाळाच्या कानात नाव सांगितलं. तेवढा वेळ कुंची डोक्यावर राहिली, आणि नंतर बाळाने रडून ती उतरवायला लावली. एवढ्या मेहनतीच्या कपड्याचं आयुष्य अर्धा तास. दरवेळी असंच होतं म्हणे.

परकर-पोलक्याला वेगळीच अडचण होती. सात वर्षांची मुलगी एका जागी उभी राहत नाही, आणि वाढायची थांबत नाही. दुकानातले परकर या दोन्ही गोष्टींचा विचार करत नाहीत. त्यांच्या नाडीचा लाल वळ कमरेवर उठतो, आणि पुढच्या दिवाळीला परकर घोट्याच्या वर गेलेला असतो.

खण गुळेदगुड्डचा. तेही बागलकोट जिल्ह्यातच, इरकली लुगड्याच्या इलकलासारखं. आमच्या भागातल्या बायकांच्या अंगावरची दोन मुख्य कापडं एकाच जिल्ह्यातून येत आली, कर्नाटकाची हद्द मधे असली तरी. मला मिळालेल्या खणाचा पन्हा, म्हणजे रुंदी, ३१ इंच होता. काठ दोन्ही बाजूंना लांबीतून जातो, म्हणून काठ खाली यायला हवा तर कापड आडवं घ्यावं लागतं: पन्हा हीच परकराची उंची आणि खणाची लांबी हा घेर. दोन मीटर घेतला. म्हणजे अठ्ठ्याहत्तर इंचांचा घेर बावीस इंचांच्या कमरेवर, साडेतीन पट. खण मुळात थोडा ताठ असतो, यापेक्षा जास्त घेर घातला तर मुलगी परकरात हरवते.

हिशेब असा मांडला. वरचा काठ दीड इंच कापून घेतला, तो बाह्यांना हवा होता. राहिले साडेएकोणतीस. जोडायला अर्धा. मुलीची उंची कमरेपासून घोट्यापर्यंत २६. उरले तीन. हे तीन इंच कापून टाकायचे नाहीत. काठाच्या थोडं वर, आतल्या बाजूला दीड इंच खोल टक, म्हणजे दुमडून टीप, घालायची. काठामुळे ती दिसतही नाही. पुढच्या वर्षी टीप उसवली की परकर तीन इंच लांब होतो. उसवल्यावर जुन्या टिपेची रेघ दिसते हे खरं, तिथे एक बारीक लेस लावता येते.

कमरेला नाडीही नको आणि इलॅस्टिकही नको, म्हणून परकर सुती बॉडीला जोडला. बॉडी म्हणजे बिनबाह्यांची, खांद्याला बटणांची बनियनसारखी अंगी. परकराचा भार कमरेऐवजी खांद्यावर येतो, धावताना घसरत नाही, आणि खांद्याच्या पट्ट्या लांब ठेवल्या तर बटण सरकवून तिथूनही इंचभर वाढ मिळते. वरून पोलकं घातलं की बॉडी झाकली जाते. चुण्यांसाठी सर्वात मोठ्या टाक्याच्या दोन समांतर टिपा मारल्या, पाव इंच अंतराने, आणि फक्त खालचे दोन दोरे धरून ओढले. एकाच दोऱ्यावर ओढलं तर तो ऐन शेवटी तुटतो, आणि एका टिपेच्या चुण्या वळून बसतात. बॉडीचे आणि परकराचे चार-चार भाग खडूने खुणेला खूण लावून जुळवले, म्हणजे सगळ्या चुण्या पोटावर गोळा होत नाहीत.

पोलक्याला पूर्ण सुती अस्तर लावलं, आणि कुशीला दोन्हीकडे इंच-इंच माया, म्हणजे शिलाईच्या आत जादा कापड, ठेवली. बाजारच्या कपड्यात ही माया नसते, कारण ती कापड खाते. घरी शिवायचं मुख्य कारण माझ्या दृष्टीने हेच आहे. मुलीने मात्र घालून बघितल्यावर एकच प्रश्न विचारला: "याला खिसा कुठाय?"

आता माझी बारी.

बाळ पाच इंच सैल चालतं, मुलगी वाढणार म्हणून दोन इंच सैल चालते. आपलं अंग सैल चालत नाही आणि घट्टही चालत नाही, त्याला वळणं आहेत, आणि त्याचं माप आपल्याला स्वतःला घेता येत नाही. टेप धरायला हात वर केला की छातीचं माप बदलतं, पाठीमागे टेप खाली घसरते, आणि पोट आपण नकळत आत घेतोच. बहिणीने माझी मापं घेतली तर माझ्या वहीतल्यापेक्षा दोन इंचांचा फरक निघाला. कुठल्या दिशेने, ते सांगत नाही. शेवटी मी सगळ्यात चांगला बसणारा जुना कुर्ता घेतला, विटलेला, आणि तो पूर्ण उसवला. इस्त्री करून खाकी कागदावर ठेवून कडेने रेघ मारली. घातलेल्या कपड्याला आपल्या अंगाची सवय झालेली असते. खांद्याचा उतार, उजव्या बाजूचा किंचित झोळ, हे कुठल्याच सूत्रात येत नाही.

तरी थेट हातमागाच्या कापडाला कात्री लावली नाही. पहिल्यांदा मांजरपाटाचा बेतला, मोठ्या टाक्याने शिवला, आणि आरशासमोर बहिणीने टाचण्या लावल्या. मुंढ्यापाशी मागे आडवी सुरकुती येत होती, तिथे अर्धा इंच कमी केलं. हा मांजरपाटाचा कुर्ता पुन्हा उसवला, आणि तोच माझा कायमचा नमुना झाला. कागदापेक्षा कापडाचा नमुना बरा, दुमडून ठेवला तरी फाटत नाही.

खिशाचा खरा पेच मला बेततानाच दिसला, आणि तयार कुर्त्यांना खिसे का नसतात हेही थोडं कळलं. आपल्या कुर्त्याला बाजूंना कट असतो. माझ्या कुर्त्यात खांद्यापासून कंबर पंधरा इंचांवर, आणि कट सुरू होतो बाविसावर. मधे सात इंच. हात जायला खिशाचं तोंड किमान सहा इंच हवं. म्हणजे तोंड साडेपंधरापासून साडेएकविसापर्यंत आलं, आणि खिशाची पिशवी त्याखाली लोंबणार, म्हणजे कटातून बाहेर डोकावणार. चालताना वारा आला की खिसा जगाला दिसणार. उपाय दोन. कट दोन इंच खाली घ्यायचा, आणि पिशवी लोंबती न ठेवता पुढच्या भागाला आतून चिकटवायची. मी दोन्ही केले. पिशवीची पुढची कड समोरच्या भागाला आतून बारीक तुरपाईने धरली, बाहेरून टाका दिसत नाही. मागची कड मोकळी. पिशवी साडेसात इंच खोल, फोन आडवा होत नाही. खिशाचं कापड मात्र कुर्त्याचं घेतलं नाही, केंब्रिक घेतलं. हातमागाचं सूत किल्ल्यांनी लवकर भोकं पाडून घेतं. तोंडाच्या दोन्ही टोकांना तीन वेळा पुढे-मागे टीप, कारण खिसा पहिल्यांदा तिथेच उसवतो.

बाजू जोडायच्या आधी खिसा लावून घ्यायचा, हे वेगळं सांगायला नको. कटाच्या टोकाला आतून कापडाचा छोटा चौकोन लावला, बसताना तिथे ताण येतो.

कुर्ता घालून पहिल्यांदा भाजीला गेले तेव्हा हात आपोआप खिशात गेला. पर्स घरीच होती.

हे बघून बहिणीने तिचे कुर्ते काढले. तिला दूध पाजायला सोयीचे हवेत. तिच्या ज्या कुर्त्यांना खांद्यापासून उभी जोडशिलाई आहे, त्यांचं काम सोपं आहे: छातीपाशी ती सात इंच उसवायची आणि आत न दिसणारी चेन बसवायची, दोन्हीकडे. चेनच्या मागे मऊ पट्टी, नाहीतर तिचे दात बाळाच्या गालाला लागतात. ज्यांना अशी शिलाई नाही त्यांना हात लावणार नाही म्हणून सांगितलंय.

शेजारच्या वहिनी बारशाला आल्या होत्या तेव्हापासून कापड घेऊन दोनदा डोकावून गेल्या. "सोपं तर दिसतंय गं, माझाही एक कुर्ता शिव की." मी म्हटलं, "वहिनी, नातवाचं झबलं असेल तर आत्ता देते. तुमचं असेल तर आधी अडीच मीटर मांजरपाट आणा."